मामाचा प्रोसेसर, आत्याचा बोर्ड

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली सोसायटी पाडून तिथे नवी इमारत उभी राहिली. ती किती उंच आहे हे मी सांगायला लागलो की लोक हसतात. हसोत बापडे. तळमजल्यावर गुळगुळीत दाढी करून लिफ्टमध्ये शिरलेला माणूस बाविसाव्यावर उतरतो तेव्हा बायको त्याला दारातून परत पाठवते, कारण दाढी छातीपर्यंत आलेली असते. कबुतरं वर यायला निघाली की मध्ये अठराव्याला मुक्काम करतात. आमच्या वॉचमनने खालून मारलेली एक हाक मला दुसऱ्या दिवशी ऐकू आली. तोवर तो नोकरी सोडून गावी गेला होता.

इमारतीचं एवढं सोडलं तर पुढच्या गोष्टीत थाप एकच आहे. ती मी मारली, आणि ती आली की बोट ठेवून दाखवीन. बाकीचं घडलं तसंच आहे. तेही थाप असतं तर बरं झालं असतं.

माझ्या भिंतीला भिंत लावून टिपणीसांचं घर. श्यामसुंदर टिपणीस सहकारी बँकेत, बायको अस्मिता, आणि एकुलता एक मुलगा यज्ञेश, बी.कॉम. होऊन घरी बसलेला. घरी बसलेला असं श्यामसुंदर म्हणायचा. खरं तर यज्ञेश रोज घाटकोपरच्या एका गेमिंग पार्लरमध्ये बसलेला असायचा. पाच जणांनी पाच जणांवर गोळ्या झाडायच्या, असा तो कंप्युटरवरचा खेळ. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. मला पडद्यावर नुसता धूर दिसत होता. धूर विरेपर्यंत हा त्यातल्या दोघांना लोळवून पुढच्या गल्लीत पोचलेला, आणि मागे उभी असलेली पोरं ओरडतायत, "टिप्या, झकास रे!" सबंध आयुष्यात माझ्या कुठल्याही कामाला असं कोणी ओरडलं नाही.

त्यांच्या पाच जणांच्या संघाचा कप्तान क्लेटन, अंधेरीच्या मरोळ गावठाणातला. या क्लेटनने खटपट करून अंधेरीच्याच एका कंपनीशी बोलणं केलं. कंपनी अख्खा संघ पगारावर घेणार होती, फक्त खेळायला. मी श्यामसुंदरला ही बातमी दिली तेव्हा त्याला ती माझी थाप वाटली. पण अट एक होती. एका रविवारी सकाळपासून आठवडाभर चाचणी, प्रत्येकाने आपल्या घरून, स्वतःच्या मशीनवर, कॅमेरा चालू ठेवून खेळायचं. बाकी चौघांकडे मशीन होतं. यज्ञेश पार्लरवर वाढलेला, आणि पार्लरची इमारत नेमकी पुनर्विकासात गेली. मालकाने आवराआवर करताना याला एका जुन्या मशीनमधली रॅम काढून दिली. "ले, तेरी याद," म्हणाला.

त्या रॅमच्या दोन पट्ट्यांवर यज्ञेशने आपलं भवितव्य उभारायला घेतलं.

"आबा, ही रॅम जुन्या पिढीची आहे," तो मला समजावायचा. "नवी घ्यायची सोय नाही, भाव बघितलेत? लोक आता लग्नात घालतील. मग काय करायचं, सगळं या रॅमवर बेतायचं. ही रॅम घेईल असा बोर्ड. त्या बोर्डावर बसेल असा प्रोसेसर. त्यांना पुरेल एवढीच वीज देणारा डबा. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड. कॅबिनेट साधं, दिवे नकोत, काच नको. प्रत्येकाचं दुसऱ्याशी जमलं पाहिजे."

"म्हणजे पत्रिका जुळवायच्या."

"पत्रिका न जुळताही लोक लग्न करतात, आबा. इथे नाही करता येत. प्रोसेसर म्हणजे डोकं, बोर्ड म्हणजे धड. डोकं बसतं त्या चौकोनी जागेला सॉकेट म्हणतात. एका पिढीचं डोकं दुसऱ्या पिढीच्या धडावर बसत नाही."

"बसतं रे. गणपतीचं बसलं होतं."

"त्याच्याकडे शंकर होता. माझ्याकडे बजेट आहे."

महिनोन् महिने तो हे जुळवत होता. ग्राफिक्स कार्ड कांजूरमार्गच्या एका मुलाकडून आणलं, तेही त्याच्या घरी दुपारभर खेळून, कार्ड तापतं का बघून. मुलगी बघायला गेलेले लोकसुद्धा इतका वेळ बसत नाहीत. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे कॅबिनेट आणि विजेच्या डब्यातच संपले. राहिला बोर्ड आणि राहिला प्रोसेसर. बापाकडे मागायची सोय नव्हती, कारण नव्या घराच्या फर्निचरने बापाला सोलून काढलं होतं.

तेवढ्यात टिपणीसांची वास्तुशांत ठरली, आणि अस्मिताच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे वास्तुशांतीला काय येतं? भिंतीवरची घड्याळं. माणसाला नवं घर मिळालं की सगळ्यांना वाटतं, याला वेळ कळत नसावी.

"या वेळी मी तोंड उघडून सांगणार," अस्मिता म्हणाली. "घड्याळ नको, डिनर सेट नको. देणारच असाल तर माझ्या पोराचं काहीतरी मार्गी लागू दे."

आणि सांगितलं. आपल्या नणंदेला, घाटकोपरच्या इरावतीला, सांगितला बोर्ड. आपल्या धाकट्या भावाला, बोरिवलीच्या माणिकला, सांगितला प्रोसेसर. यज्ञेशने दोघांच्या फोनवर वस्तूचं नेमकं नाव पाठवलं. दोघंही आनंदाने हो म्हणाले. तो दिवस चांगला गेला. असा दिवस या गोष्टीत हा एकच.

इरावती म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. नाव पाठवलं होतं त्याच नावाचा बोर्ड त्यांनी घेतला, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. वर दुकानदाराला तो समोर चालवून दाखवायला लावला. दुकानदार कुरकुरला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी उभी आहे. तुमचं चालू द्या." तो चालला.

माणिकचं बोरिवलीला टाइल्सचं दुकान. त्याच्या शोरूममध्ये लोक चपला काढून शिरतात, कारण त्यांना वाटतं खाली पाणी आहे. असा माणूस वास्तुशांतीच्या दिवशी दारातूनच हाका मारत आला.

"यज्ञेशा! ये इकडे. तू सांगितलास ना, तो प्रोसेसर बघितला मी. दुकानदार म्हणतो, तो जुना माल. आणि इरावतीताईंचा बोर्ड केवढ्याचा, तेही विचारलं. बघतो तर दोन्ही सारखेच! म्हटलं, अरे, मामा आहे मी. मामाचा आहेर आत्याच्या वर नको? घे. एकदम लेटेस्ट. दोन पिढ्या पुढचा."

इरावतीबाई खुर्चीत बसून प्रसादाचा शिरा खात होत्या. त्यांनी चमचा थांबवला, माणिककडे बघितलं आणि पुन्हा शिरा खायला लागल्या.

यज्ञेशने खोका फिरवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग वाकून मामाच्या पाया पडला. "थँक्यू, मामा," म्हणाला. आणि गॅलरीत येऊन माझ्या शेजारी कठड्याला धरून उभा राहिला.

"काय रे?"

"वाट लागली, आबा. डोकं बसत नाही."

आत गुरुजी हाका मारत होते. अस्मिताने दोन्ही खोके उचलून पूजेच्या खोलीत नेले. टिपणीसांकडे नवी वस्तू देवापुढे गेल्याशिवाय वापरात येत नाही. त्यांच्या वॉशिंग मशीनवर स्वस्तिक आहे, मिक्सरला हळदकुंकवाची दोन बोटं आहेत, आणि श्यामसुंदरच्या नव्या कवळीला तिने काय केलं होतं ते त्याने मला शपथ घालून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही.

पाहुणे गेल्यावर घरात भांडण सुरू झालं ते भिंतीतून मला स्पष्ट ऐकू येत होतं. तरी मी साखर मागायच्या निमित्ताने आत गेलो.

"आई, बदलून आणू या ना. दुकान देतं बदलून. मी खोक्याचं सील फोडलेलं नाहीये."

"भावाने दिलेला आहेर बदलायचा? आणि बदलून त्याहून खालचा आणायचा?"

"खालचा नाही गं. बसणारा."

"मग वन्संचा बोर्ड बदल."

"तो बदलला तर नव्या पिढीची रॅम लागेल. ती घ्यायची तर मामाचं दुकान विकायला लागेल."

"अहो, तुम्ही काहीतरी बोला," अस्मिता नवऱ्याकडे वळली.

श्यामसुंदर म्हणाला, "आहेर तुझ्या माहेरचा. मी यात पडत नाही." आणि तो खरंच पडला नाही. सोफ्यावर आडवा होता, तसाच राहिला.

दोन दिवस तिने काढले. यज्ञेश जेवत होता, पण ताटाकडे बघत नव्हता. शेवटी गुरुवारी दुपारी तिने माणिकला फोन लावला. मी तिथेच चहा घेत होतो. तिने इतकं हळू, इतकं गोड सांगितलं की मला वाटलं, हा माणूस विरघळणार.

"म्हणजे ताई," पलीकडून माणिकचा आवाज आला, "आत्याचं धड चालतं तुम्हाला. मामाचं डोकं चालत नाही."

"तसं नाही रे माणिक, ते मशीनचं काहीतरी—"

"कळलं मला. चारचौघांत मी मिरवलं, आता चारचौघांत परत करा. बिल पाठवतो. बदला, विका, खिडकीतून खाली टाका. पण भाऊबिजेला माझी वाट बघू नकोस. माझ्या हातची ओवाळणीसुद्धा तुमच्याकडे बसायची नाही."

फोन बंद झाला. अस्मिताने ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता.

शुक्रवारी यज्ञेश प्रोसेसर बदलून घेऊन आला. बसणारा. त्याने तो आईच्या हातात दिला, म्हणाला, "आई, तुझ्यामुळे." ती म्हणाली, "हो, आता जिंकून दाखव. मग माणिकला मी बघते." भाऊ गमावून आलेल्या बाईच्या मानाने ती बरीच हसली.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती प्रसाद पोचवायला नाहूरला मावशीकडे गेली. इकडे डायनिंग टेबलावर जुनी चादर पसरून यज्ञेशने सगळे भाग मांडले. श्यामसुंदर खुर्ची ओढून बसला. मुलाच्या या उद्योगात तो पहिल्यांदाच बसत होता. मी माझं भिंग आणि माझे सल्ले घेऊन हजर होतो. उद्या सकाळी चाचणी. क्लेटनचा मेसेज येऊन पडला होता, "टिप्या, मशीन चालू झालं की फोटो टाक."

यज्ञेशने आत्याचा बोर्ड खोक्यातून बाहेर काढला, तेव्हा चादरीवर तांदळाचे दोन दाणे पडले.

"हे काय?" श्यामसुंदर म्हणाला.

बोर्डाच्या मधोमध सॉकेट असतो, त्यावर काळं झाकण. यज्ञेशने ते बोटाच्या टोकाने उचललं.

सॉकेटच्या आत केसाहून बारीक अशा हजारभर स्प्रिंगा उभ्या असतात. त्यांच्यावर प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचासुद्धा नाही. यज्ञेश मला सांगायचा, आबा, तिथे श्वासही लांबून घ्यायचा. त्या जागी कुंकू होतं. ओल्या बोटाने लावलेलं, नेमकं मध्यभागी, वाळून घट्ट झालेलं, त्याच्या खाली हळद, आणि एका कोपऱ्यात रुतून बसलेली एक अक्षत. मी भिंग धरलं. कुंकवाखाली स्प्रिंगा आडव्या झाल्या होत्या, वाऱ्याने भात लोळावा तशा.

खोक्याला हळदकुंकू लावून तिचं समाधान झालं नसणार. मग तिने बोर्ड बाहेर काढला असणार, आणि मधोमध झाकण असलेला तो चौकोन बघून तिला वाटलं असणार, हा गाभारा. मला दाखवला असता तर मलाही तेच वाटलं असतं.

"हे कोणी—" श्यामसुंदर सुरू झाला आणि थांबला.

यज्ञेशने सुई आणली. दिव्याखाली बोर्ड धरून तो एकेक स्प्रिंग उभी करायला लागला. ज्या हाताने तो धुरातला माणूस टिपायचा तोच हात. काही उभ्या राहिल्या. मग एक तुटली. मग तिच्या शेजारची. त्याने सुई चादरीत टोचून ठेवली आणि दुकानाला फोटो पाठवला.

दुकानदाराचा फोन लगेच आला. "भाई, ये क्या, होली खेला है क्या? ये वापस नहीं होगा. इसको कोई हाथ नहीं लगाएगा."

"दुसरा आहे का? असाच. आत्ता येतो."

"जुनी रॅमवाले सब यही माँग रहे हैं. मंगलवार को आएगा. कल तो मार्केट बंद."

यज्ञेशने घाटकोपरला विचारलं, अंधेरीला विचारलं, बोरिवलीला विचारलं. श्यामसुंदरने, ज्याने आयुष्यात उधारीवर पेन घेतलं नाही, त्याने आपलं क्रेडिट कार्ड पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. ते तिथेच पडून राहिलं. सगळीकडे मंगळवार.

मग क्लेटन.

"यार टिप्या, असं कसं? मी आत्ताच बोललो त्यांच्याशी. म्हटलं, मंगळवारपर्यंत थांबा ना. ते बोलतात, थांबायला बाहेर रांग लागलीय. सब तयार आहे त्यांच्याकडे. कुणाचं तरी मशीन उचल ना रे!"

"कुणाचं?"

"माझ्याकडे दोन असते ना, गॉड प्रॉमिस, दिलं असतं."

"माहितीये रे," यज्ञेश म्हणाला.

यज्ञेशने फोन ठेवला. श्यामसुंदरचं नाक लाल व्हायला लागलं होतं. "येऊ दे तिला. येऊ दे. सांगतोच. देव देव देव! कशाला लावायचं, कशाला नाही, काही—"

"बाबा, तिला सांगायचं नाही."

"म्हणजे?"

"परवा तिने माझ्यासाठी मामा सोडला. तिला हे कळलं तर ती उभ्या जन्मात देवापुढे बसायची नाही. नाहीतर उठायची नाही. नाही सांगायचं."

"मग काय सांगायचं? मशीन का नाही चालत?"

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"आबा," यज्ञेश म्हणाला, "तुम्ही इतक्या थापा मारता. एक माझ्यासाठी मारा."

तर ही ती थाप. अस्मिता आली, पर्स खुंटीला लावली, टेबलाकडे बघितलं, आणि मी सुरू झालो. म्हटलं, अस्मिता, वाईट झालं गं, पण कोणाचाच इलाज नाही. बोर्ड कारखान्यातूनच आजारी आलेला होता. असा हजारात एखादा निघतो. वरून ठणठणीत, आतून संपलेला. दुकानदाराने फोटो बघून कपाळावर हात मारला, खोका फोडलेला बोर्ड बदलून देत नाही म्हणाला. मी तिला त्या कारखान्यातली, बोर्डावर शिंकलेली बाईसुद्धा सांगितली. आवाज खाली ठेवला, एक सुस्कारा टाकला. माझ्या नेहमीच्या थापांना चाळणीसारखी भोकं असतात. हिला एकच राहून गेलं होतं, आणि अस्मिता सरळ त्यातून आत शिरली.

"म्हणजे वन्संनी बघून घेतला नाही?"

"अगं, आतलं कसं दिसणार—"

"मला म्हणाल्या होत्या, समोर चालवून घेतला! सगळ्यांदेखत म्हणाल्या!" तिने फोन उचललाही होता. "वन्सं, तुम्ही बोर्ड चालवून घेतला होता ना? मग तो बंद कसा निघाला?"

इरावतीबाईंचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "चालवून घेतला गं. पडद्यावर अक्षरं आली होती, मी वाचली."

"मग काय माझ्या घरी येऊन मेला?"

"तसं मी म्हटलेलं नाही, अस्मिता. श्यामला दे."

या बहिणीने श्यामसुंदरला बोटाला धरून शाळेत नेलं होतं, आईच्या मागे त्याला वाढवलं होतं. त्याने फोन घेतला. यज्ञेश त्याच्याकडे बघत होता. शेजारी अस्मिता उभी, पदर कमरेला खोचून.

"ताई," श्यामसुंदर म्हणाला, "बोर्ड खराब निघाला गं."

पलीकडून "बरं," आणि फोन ठेवल्याचा आवाज.

रविवारी सकाळी यज्ञेश लवकर उठला, अंघोळ केली, इस्त्रीचा टी-शर्ट घातला आणि रिकाम्या टेबलाशी बसून राहिला. क्लेटनचा फोन आला तेव्हा मी तिथे होतो. यज्ञेशच्या जागी बोरिवलीच्या एका मुलाला घेतलं होतं.

"बरा आहे रे," क्लेटन म्हणाला. "तुझ्यासारखा नाही. पण बरा आहे."

"त्याला सांग, डावीकडून येऊ नको," यज्ञेश म्हणाला. "नवीन पोरं सगळी डावीकडून येतात. आणि तुझ्या मागे त्याला ठेव, पुढे नको. घाबरेल."

"सांगतो."

"आणि जिंका साल्यांनो."

ते जिंकले. आठवड्यानंतर कंपनीने पाचही जणांना घेतलं.

मला राहवेना. मी घाटकोपरला गेलो, इरावतीबाईंकडे, खरं सांगायला. त्यांना समोर बसवून अथपासून इतिपर्यंत सांगितलं. कुंकू, अक्षत, स्प्रिंगा, सगळं. त्यांनी पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं.

"आबा, श्यामने पाठवलं का तुम्हाला?"

"नाही हो. मी आपण होऊन—"

"माझ्या शाळेत कंप्युटरची अख्खी खोली होती. दर खंडेनवमीला मी स्वतःच्या हाताने प्रत्येकाला हळदकुंकू लावलंय. एक मेला नाही. तुमच्या थापा तुमच्या इमारतीत ठेवा."

"बाहेरून लावलं असेल, बाई. हे आत, गाभाऱ्यात—"

"गाभाऱ्यात!" त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं. "माझ्या भावाने मला खोटं पाडलं, आबा. ते बसेन मी गिळून. पण तुम्ही त्यावर गोष्ट रचून आणू नका."

जन्मभर खोटं पचवलं, आणि एकदा खरं घेऊन गेलो तर ते पायरीवरूनच परत आलं. श्यामसुंदरला मी म्हटलं, तू जा, तू सांग. तो म्हणाला, जातो. अजून म्हणतोय. गेला तर अस्मिताला कळणार, आणि यज्ञेशने त्याच्याकडून वचन घेतलंय. अस्मिता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "वन्संनी नीट बघून घेतलं असतं ना, तर आज माझा यज्ञेश अंधेरीला असता." यज्ञेश समोर असला की मान हलवतो.

तो आता ऐरोलीला जातो. कानाला यंत्र लावून लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, अशी नोकरी. आवाज चांगला आहे त्याचा, समजुतीचा. साहेब खूश आहेत म्हणे.

दिवाळीत श्यामसुंदरने बोनसमधून दुसरा बोर्ड आणला. कोणाला न विचारता, कोणाकडून न घेता. अस्मिता बाजारात गेलेली असताना बापलेकांनी तो खोक्यातून काढून थेट बसवला. प्रोसेसर सॉकेटवर नुसता ठेवला, तो आपल्या वजनाने बसला. पार्लरच्या रॅमच्या पट्ट्या कट्कन आत गेल्या. कार्ड बसलं, वायरी पोचल्या, एकाचंही दुसऱ्याशी वाकडं नव्हतं. महिनोन् महिने त्या पोराने जे मनात जुळवलं होतं ते तसंच्या तसं जुळलं. बटण दाबलं आणि पहिल्या फटक्यात पडदा लागला. श्यामसुंदरने टाळी वाजवली. त्या घरात भाऊबिजेला मामा आला नव्हता, पाडव्याला आत्या आली नव्हती, फराळाचे डबे भरलेलेच होते, आणि हा माणूस टाळ्या वाजवत होता.

अस्मिता आली, तिला दारातच दाखवलं. तिने डोळ्यांना पदर लावला. "खेळ ना रे," म्हणाली. "बघू दे मला एकदा. मी कधी बघितलंच नाही तुला खेळताना."

यज्ञेशने खुर्ची पुढे ओढली, खेळ उघडला. पडद्याच्या उजव्या बाजूला मित्रांची नावं होती. क्लेटन, खाली बाकीचे तिघं, खाली बोरिवलीचा तो मुलगा. पाचांपुढेही हिरवा ठिपका, आणि सगळ्यांच्या वर एक छोटं कुलूप. पाच जणांची जागा भरली की तसं दाखवतात, सहाव्याला आत घेत नाहीत.

यज्ञेशचा हात माउसवर होता. तो हलत नव्हता.

"खेळ की."

"कोणाबरोबर?"

"हा काय क्लेटन!" अस्मिताने पडद्यावर बोट टेकवलं. "हिरवा दिवा आहे त्याचा. बोलव त्याला."

"तो कामावर आहे, आई," यज्ञेश म्हणाला. त्यालाही शिफ्टला उशीर होत होता. त्याने मशीन बंद केलं, डब्याची पिशवी उचलली आणि तो गेला.